जिभेखालची गोळी

आमची पिठाची गिरण सापगावात, रस्त्याला लागून. माझा धाकटा भाऊ आमच्याकडे राहायला आला तेव्हा गिरणीच्या मागच्या खोलीत त्याची खाट टाकली. सासरी भावाला ठेवून घेणं ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हती, पण आमच्या ह्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. माहेर माझं धसईकडचं. तिथून रोज स्टेशन गाठायचं म्हणजे अर्धा दिवस वाटेतच जायचा, आणि भावाला रोज सकाळी आसनगावहून गाडी पकडून मुंबईला जाणं भाग होतं. तिथल्या एका केंद्रात त्याला जिभेखाली ठेवायची एक गोळी मिळायची. ती घेतली की जवळच्याच एका गॅरेजात तो कामाला जायचा आणि संध्याकाळी घरी परतायचा.

भाऊ गर्दच्या नादाला लागला होता. आज हे वाक्य मी सरळ लिहितेय. तेव्हा आमच्या घरात ते कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. आई सांगायची, पोराची तब्येत बरी नसते. वडील काहीच सांगायचे नाहीत. गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या बायकांना मात्र सगळं माहीत होतं. त्या डबा ठेवून मागच्या खोलीच्या दाराकडे बघत उभ्या राहायच्या. मी एकीला विचारलं सुद्धा, की तुझं पीठ इकडे पडतंय, तू तिकडे काय बघतेस. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ.

भावाला हा नाद लागला कल्याणात. तो आणि आमचा आतेभाऊ, दोघे एकाच टेम्पोवर होते, भाजीची पोती चढवायची-उतरवायची. जागरणं फार. कुणीतरी ती तपकिरी पूड दाखवली, म्हणाला थकवा जातो. पन्नीवर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. थकवा जात असेलही. पण वर्ष सरता सरता अशी वेळ आली की ती ओढली नाही तर अंथरुणातून उठता येईना. नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, पोटात मुरडा, पाय आपटत रात्र काढायची. पुढे पन्नी पुरेना म्हणून दोघेही सुईवर गेले. घरातली तांब्याची भांडी एकेक करून कुठे गेली ते आईला कळत होतं आणि ती आम्हाला सांगत नव्हती.

दोघांना दोन वाटांनी सोडवायचं ठरलं. ठरलं म्हणजे काही बैठक बसली नव्हती. ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं. भावाला मी केंद्रात नेलं, कारण गॅरेजवाल्याच्या ओळखीनं मला त्याचा पत्ता लागला होता. आतेभावाला त्याची आई घेऊन गेली. माझी आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यात तिचं घर. लवकर विधवा झालेली, एकटीनं भात आणि नाचणी काढणारी बाई. ती कल्याणला आली, पोराला टेम्पोतून उतरवला आणि दंडाला धरून बसमध्ये घातला. त्याला बोलायला सुद्धा दिलं नाही.

केंद्रात पहिल्या दिवशी मी तिथल्या बाईंना तोंडावर विचारलं, "ही गोळी म्हणजे पण नशाच ना?" मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, हो, त्याच जातीचं औषध आहे. फसवाफसवी केली नाही म्हणून मला बाई आवडल्या. मग त्यांनी मला बसवून सांगितलं. गर्दच्या पुडीत आज काय मिसळलंय, ती किती कडक आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. गोळी मात्र रोज तेवढीच असते. ती घेतली की अंग मोडत नाही, कामाला जाता येतं, आणि मुख्य म्हणजे शरीराची त्या गोष्टीची सवय मोडत नाही, म्हणजे कधी पाय घसरलाच तरी एकदम झेपेनासं होत नाही. गर्दनं मरणारे बहुतेक श्वास मंदावत मंदावत थांबून मरतात, झोपल्यासारखे दिसतात म्हणून त्यांना कुणी हलवूनही बघत नाही. गोळीवर टिकून असलेल्यात असं मरण फार कमी. "म्हणजे गोळीनं कुणी मरतच नाही?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, असं मी म्हणणार नाही. वर दारू प्यायली, झोपेच्या गोळ्या खाल्ल्या तर हिचाही भरवसा नाही.

उठताना त्यांनी अजून एक सांगितलं, तेव्हा मी ते निम्मंच ऐकलं, कारण मला गाडीची घाई होती. त्या म्हणाल्या, आम्हाला सगळ्यात भीती वाटते ती नुकत्याच सुटलेल्यांची. तुरुंगातून आलेला, दवाखान्यातून आलेला, गावाला राहून आलेला. त्याच्या शरीराची सवय गेलेली असते, आणि हाताला जुनंच माप लक्षात असतं.

मग आमचा दिनक्रम बसला. भाऊ पहाटे उठायचा, मी चहा-चपाती द्यायचे. केंद्रात गोळी जिभेखाली ठेवून ती पूर्ण विरघळेपर्यंत नर्ससमोर बसून राहायचं, मग तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायची, की कुठे लपवली नाही. या जीभ दाखवण्याचा त्याला फार राग. "ताई, शाळेतल्या पोरांसारखं करतात ते," म्हणायचा. मी म्हणायचे, दाखव, तुझ्या जिभेला काय सोनं लागलंय. गोळीनं त्याला बद्धकोष्ठ व्हायचं, घाम यायचा, आणि तो काही अंगानं भरला नाही. हाडकुळा होता तसाच राहिला. पण पगार घरी आणायला लागला, बोलायला लागला, माझ्या मुलीला अभ्यासाला घेऊन बसायला लागला. मला तेवढं पुष्कळ होतं.

तिकडे आत्यानं काय केलं ते मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. राब भाजायचे दिवस होते. आमच्याकडे उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. सगळा पाडा धुरात आणि हा पडवीत पडलेला, ओकणारा, शिव्या देणारा. आत्या त्याच्या अंगाला तेल चोळायची आणि नाचणीची आंबील पाजायची. आठवड्याभरात तो उठून बसला. आता त्याला राखायचा कसा हा प्रश्न. आत्यानं तो पाड्याच्या रिवाजानं सोडवला. आमच्याकडे आवणीला, म्हणजे भात लावायला, सावड असते. आज तुमच्या शेतात सगळे, उद्या आमच्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण. आत्यानं पाड्यातल्या घराघरात जाऊन सांगितलं, "माझा पोरगा यंदा सगळ्यांच्या सावडीला येईल. काम घ्या, जेवायला घाला, फकस्त त्याला एकटा सोडू नका."

आणि पाड्यानं खरोखर तसं केलं. ज्याच्या शेतात तो कामाला, त्या घरच्यांनी दिवसभर नजर ठेवायची आणि रात्री दोन माणसांच्या मध्ये त्याला झोपवायचं. आवणी झाली, तण काढायची बेणणी झाली, कापणी लागली. सावडीचा एकेक दिवस फिटत गेला. सगळा पाडा मिळून एका पोराला सांभाळतोय असं मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. आजही मला त्या लोकांचं कौतुक वाटतं, आणि पुढे जे झालं त्यानं ते कमी झालेलं नाही.

दिवाळीला पाड्यातल्या दोघांच्या सोबतीनं तो आमच्याकडे भाऊबिजेला आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. मान जाड झालेली, दंड भरलेले, रंग उन्हानं रापलेला. आल्या आल्या त्यानं गव्हाचं पोतं पाठीवर घेतलं आणि गिरणीच्या तोंडाशी नेऊन ठेवलं, जे आमचे हे आणि भाऊ मिळून ओढत न्यायचे. माझे वडील तेव्हा आलेले होते. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि एकदा माझ्या भावाकडे. मला ते बघवलं नाही.

जेवताना त्यांनी विषय काढलाच. "माझ्या बहिणीनं पोरगा माणसात आणला. तुमी मुंबईला नेऊन काय केलात? गर्द सोडवली आन गोळी लावली. फरक काय?"

"फरक एवढाच की हा रोज संध्याकाळी घरी येतो," मी म्हटलं.

"उद्या याच्या लग्नाचं बघायचं हाय. मुरबाडकडचं एक स्थळ आलंय. त्यांना काय सांगू, नवरदेव रोज सकाळी गोळी चोखतो?"

आतेभाऊ मध्ये पडला. स्वभावानं तो गोडच होता. म्हणाला, "मामा, याला आमच्या पाड्यावर पाठवा. मी हाय ना. पुढच्या आवणीपत्तर याला पण असा करतो बघा." आणि त्यानं भावाच्या पाठीवर थाप मारली. भाऊ हसला.

त्या रात्री मी वडिलांशी भांडले. केंद्रातल्या बाईंचं म्हणणं मी त्यांना माझ्या भाषेत सांगितलं, की गोळी कमी करता येते, बंदही करता येते, पण हळूहळू, त्यांच्या देखरेखीखाली, आणि तो तयार असेल तेव्हा. स्थळ आलंय म्हणून नाही. वडील म्हणाले, "त्या बायांचं पोट चालतं त्याच्यावर." मी म्हटलं, गोळी फुकट देतात. ते म्हणाले, फुकट देतात म्हणजे तर नक्कीच काहीतरी असंल. अशा माणसाशी वाद तरी कसा घालायचा. मला इतका संताप आला की मी उठून बंद गिरणीत जाऊन बसले.

खरी पंचाईत ही होती की भाऊच डळमळला होता. "ताई, मला पण कंटाळा आलाय," तो म्हणाला. "रोज फास्ट गाडी पकडा, रोज जीभ दाखवा. त्याच्याकडे बघ ना. कसा झालाय तो." मी त्याच्याकडे बघितलंच होतं. आतेभाऊ खरंच राजबिंडा दिसत होता, आणि मी कितीही आरडाओरडा केला तरी माझ्या डोळ्यांना काय सांगणार होते. मलाच मनातून वाटायला लागलं की बाबा म्हणतात ते खोटं नसेल. भावानं केंद्रात काही सांगितलं नाही. खळ्यावरची झोडणी संपली, सावड फिटली, की आतेभाऊ स्वतः त्याला न्यायला येणार आणि भाऊ गोळी सोडून त्याच्याबरोबर डोळखांबला जाणार, असं ठरलं. गॅरेजात त्यानं सुट्टी टाकली.

ठरल्या दिवशी भाऊ पिशवी भरून गिरणीच्या ओट्यावर बसला. आदल्या दिवशीची त्याची गोळी शेवटची. मी त्याच्यासाठी चटणी आणि तीळ बांधून दिले होते. राग होता तरी दिले. आतेभाऊ आधी कल्याणला जाणार होता. त्याच्या आईला घोंगडी घ्यायची, पाड्यातल्या चार जणांच्या वस्तू आणायच्या आणि दुपारपर्यंत आमच्याकडे. पाड्यातून बाहेर एकटा असा तो त्या दिवशी पहिल्यांदाच निघाला होता. सोडलं कारण आता त्याला राखायचं काही उरलं नव्हतं. तो बरा झाला होता, सगळ्यांचे दिवस फेडून मोकळा झाला होता, आणि अंगानं पाड्यात सगळ्यात दणकट होता. अशा माणसावर कशाला कोण पहारा ठेवेल?

दुपार झाली, तो आला नाही. भाऊ दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. चारच्या सुमारास समोरच्या एसटीडी बूथवाल्यानं आमच्या ह्यांना हाक मारली. फोन कल्याणहून होता, टेम्पोच्या जुन्या मालकाचा. सरकारी दवाखान्यात या, म्हणाला. कुणासाठी ते त्यानं सांगितलं, आणि जिवंत आहे असं काही म्हणाला नाही.

आमचे हे आणि भाऊ गेले. मी गिरण बंद केली आणि वडिलांना निरोप धाडला. आतेभाऊ भाजी बाजाराच्या मागे, पुलाखाली भिंतीला टेकून बसलेला सापडला होता. सकाळपासून लोक जा-ये करत होते. झोपलाय असं सगळ्यांना वाटलं. शेजारी पिशवीत घोंगडी आणि लोकांच्या वस्तू नीट बांधलेल्या होत्या. जुन्या सोबत्यांपैकी कुणीतरी भेटला असणार. त्याच ठिकाणच्या एका पोरानं भावाला सांगितलं, की काही जास्त घेतलं नव्हतं, पूर्वी घ्यायचा तेवढंच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भावाला विचारलं, किती दिवस सोडलेली होती? भाऊ म्हणाला, सात-आठ महिने. डॉक्टर म्हणाले, मग तेच. आणि पुढच्या कागदाकडे वळले.

मला ते केंद्रातल्या बाईंचं वाक्य तेव्हा पूर्ण ऐकू आलं, हाताला जुनंच माप. मी स्वयंपाकघरात बसून मोठमोठ्यानं रडले, अर्धी त्याच्यासाठी आणि अर्धी सुटल्याच्या भावनेनं, की ओट्यावर पिशवी घेऊन बसलेला माझा होता आणि तो जिवंत होता. असं वाटल्याची लाज वाटली, पण वाटलं ते वाटलं.

अग्नी देऊन आमच्याकडे परतल्यावर दुसऱ्याच सकाळी भाऊ अंघोळ करून पुन्हा स्टेशनकडे निघाला, केंद्रात जायला. मला वाटलं वडील अडवतील. ते पडवीच्या खांबाला टेकून बसले होते, त्यांनी पाय आवरून घेतले, त्याला जायला वाट दिली. स्थळाला त्यांनी काय कळवलं मला माहीत नाही, पण गोळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आत्या आमच्याकडे आली ती महिन्याभरानं. इतक्या दिवसांत तिनं पाडा सोडला नव्हता. हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती, रित्या हातानं ती कधीच आली नाही. दिवसभर ती गिरणीच्या पट्ट्याकडे बघत बसली. संध्याकाळी भाऊ आला, हातपाय धुऊन तिच्यासमोर बसला. मी चहा ठेवला. आत्यानं मला विचारलं, पण बघत होती त्याच्याकडे.

"एक सांग गो मला. ज्यानं सोडली तो गेला. जो अजून खातो तो बसलाय माझ्याम्होरं. हा कुठला न्याय?"

तिच्या बोलण्यात हेवा नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मला उत्तर ठाऊक होतं, सगळं शब्दांसकट, आणि माझं फटकळ तोंड त्या वेळी उघडेना.

भावानंच सांगितलं. खाली बघत सांगितलं. "आत्या, मी सोडली असती न् मागून एकदा जरी घेतली असती, तर मी पण गेलो असतो. अंगाची सवय जाते. मग पयल्याइतकी झेपत नाय. आमाला तिकडं रोज सांगतात."

आत्यानं विचारलं, "मंग त्याला कोणी सांगितलं नाय?"

"मी सांगितलं होतं. दिवाळीला. बोललो, कधी चुकून घेतलीस तर पयल्यासारखी घेऊ नको, निम्मी पण घेऊ नको. तो हसला. बोलला, तवा मी मरतुकडा होतो रे, तवा मला काय झालं नाय. आता तर अंगात ताकद हाय."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. आत्यानं स्वतःचे दोन्ही तळवे उलटे करून पाहिले, त्याच्या अंगाला तेल चोळणारे, राबून काळे पडलेले, भेगा गेलेले.

"ताकद तर मीच घातली त्याच्यात," ती म्हणाली.